जागा बघायला निघालेली साबणाची वडी

तमाम नगरवासीयांस, तसेच नगरात राहू इच्छिणाऱ्या परंतु खिशामुळे राहू न शकणाऱ्या जनतेस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, शहरात व शहराच्या चहूबाजूंच्या माळावर स्वस्त, निर्वेध व राहण्यालायक जागा आहे किंवा कसे, याचा तपास करण्यासाठी नव्वदच्या दशकात एका त्रिसदस्यीय आयोगाची स्थापना झाली होती. आयोगाचे अध्यक्षपद माझ्या सासूबाईंकडे होते, कारण साबण त्यांच्याकडे होता. तांत्रिक सदस्य माझा नवरा, कारण मोजायची टेप त्याच्याकडे होती. मी सदस्य-सचिव, कारण तोंड माझ्याकडे होते. या आयोगाचा अहवाल आजवर प्रसिद्ध झालेला नाही. तो आता होतो आहे. इच्छुकांनी चहा घेऊन बसावे.

नगरला महाग शहर म्हटल्यावर पुण्याची माणसं हसतील. हसू द्या. महागाई शहरात नसते, ती घेणाऱ्याच्या पगाराच्या पाकिटात असते. माझा नवरा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लेथवर काम करायचा आणि मी एस.टी.च्या आगारात तिकिटांच्या हिशेबाला होते. दोघंही खर्ड्याकडचे. सावेडीला तेव्हा बंगल्यावर बंगले उठत होते. तिथल्या रस्त्याने जाताना मी मान वर करून गच्च्या बघायला लागले की नवरा माझा दंड धरायचा. "खाली बघून चाल. बघायचेसुद्धा पैसे लावतील."

आम्ही राहायचो जुन्या गावातल्या एका गल्लीत, मागच्या अंगाच्या दोन खोल्यांत. खोल्या देताना मालकीणबाईंनी नवऱ्याचा कारखाना विचारला, माझी नोकरी विचारली, पाहुणे किती येतात, मटण किती वेळा शिजतं, सगळं विचारलं. आडनाव विचारायचं तेवढं राहून गेलं. मग एके दिवशी आमचं टपाल त्यांच्या हातात पडलं आणि त्यांच्या डोक्यात जो काही उजेड पडला तो थेट अंगणातल्या नळापर्यंत पोचला. त्या दिवसापासून आमचं पाणी भरून झालं की त्या नळाच्या तोटीवर तांब्याभर पाणी ओतायच्या आणि मगच आपला हंडा लावायच्या. भांडण नाही, वाकडा शब्द नाही. सणाला पुरणपोळीसुद्धा द्यायच्या, उंचावरून, ताटलीत अलगद सोडून.

मला सुरुवातीला याचं हसू यायचं. पाण्याने नळ धुतात, आणि तेही त्याच नळाच्या पाण्याने! आगारात जेवणाच्या सुट्टीत मी त्याची नक्कल करायचे. पदर खोचून, नाक आक्रसून, चहाच्या किटलीच्या तोटीवर पाणी ओतायचे. लोक पोट धरून हसायचे. पुन्हा कर म्हणायचे, मी पुन्हा करायचे.

ते हसणं थांबलं सासूबाई राहायला आल्या तेव्हा.

आमची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. खेळता खेळता तिने मालकीणबाईंच्या भरलेल्या हंड्यात हात घातला. त्या वयाचं लेकरू, पाणी दिसलं की हात घालणारच. मालकीणबाईंनी हंडा उचलला, मोरीत पालथा केला आणि राखेने घासायला बसल्या. रागावल्या नाहीत. उलट मुलीला म्हणाल्या, "असं करू नये हं, बाळा."

दुसऱ्या दिवशी नळ आला. मी बादली लावली, आणि मुलगी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. दोन्ही हात पाठीमागे धरून. शाळेत कवायतीला 'विश्राम' म्हटल्यावर उभं राहतात तशी. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं.

मी बादलीकडे बघत होते. सासूबाई तिच्या हातांकडे बघत होत्या.

दुपारी त्यांनी पिशवी भरली. आधी स्वतःची लुगडी, मग मुलीची झबली, परकर, तिची बाहुली.

"आत्याबाई, हे काय?"

"पोरीला मी न्हेते खर्ड्याला."

"अहो, पण..."

"तुमचं सोताचं पानी झालं का आनून सोडते. घर न्हाई झालं तरी चालंल, वर पत्रा टाका. पन पानी आपलं पायजे. ह्या नळावर माजी नात हात बांधून हुबी ऱ्हायची न्हाई."

ज्या बाईच्या तोंडाला आगारातले कंडक्टर वचकून असायचे, तिने पोरीची उरलेली झबली घडी करून त्या पिशवीत ठेवली. कारण त्या काय बोलत होत्या ते मला कळत होतं. लहानपणी त्या स्वतः विहिरीच्या काठाखाली ओंजळ धरून उभ्या राहिल्या होत्या. वरून कुणीतरी ओतायचं, तेवढं प्यायचं, आणि त्याच्या मनात येईल तेव्हा थांबायचं. आमच्या लोकांनी धर्मांतर केलं तेव्हा त्या नव्या सून होत्या. त्या दिवसापासून त्यांनी ओंजळीने पाणी पिणं बंद केलं. प्रवासात भांडं नसलं तर तहानलेल्या राहायच्या, पण कुणाला "ओता" म्हणायच्या नाहीत.

अशी आमची मुलगी गेली. आम्ही सुट्टी मिळेल तेव्हा जामखेडच्या गाडीने निघायचो, पुढे खर्ड्याला. सुरुवातीला ती गाडीचा आवाज ऐकून धावत यायची. मग चालत यायला लागली. मग एकदा मी दारात चप्पल काढली, तर ती आतून पेला घेऊन आली, दोन्ही हातांनी धरून, अगदी सांभाळून, आणि म्हणाली, "पाणी घ्या."

घ्या. मला. पाहुण्या बाईला म्हणावं तसं.

पाणी प्यायले. नवरा तोंड फिरवून खर्ड्याच्या किल्ल्याच्या बुरुजाकडे बघत उभा राहिला. परतीच्या गाडीत तो एवढंच म्हणाला, "तिच्या शाळेच्या आत."

म्हणजे पुढच्या जूनच्या आत स्वतःची जागा. आयोगाची स्थापना ही अशी झाली, जामखेड-नगर गाडीत, मागच्या चाकावरच्या सीटवर.

सासूबाई पोरीला माझ्या नणंदेकडे ठेवून अधूनमधून रविवारी यायच्या. पिशवीत भाकरी, धुण्याच्या साबणाची पिवळी वडी आणि सासऱ्यांच्या जुन्या धोतराचा एक तुकडा. पाणी कसं आहे हे त्या चवीवरून ठरवायच्या नाहीत. "चव काय, तहान लागली का समदं ग्वाड," म्हणायच्या. त्या धोतराचा तुकडा ओला करायच्या, साबण घासायच्या आणि चोळायच्या. फेस वर आला आणि टिकला तर पाणी चांगलं. पाणी जड असलं तर फेस येतच नाही, कापडावर दह्यासारखी कणी धरते आणि वाळल्यावर कापड पापडासारखं कडक होतं. जड पाण्यात डोकं धुतलं तर केसांची दोरखंडं होतात, आणि पोरगी तर लांब केसांची. एवढा विचार त्यामागे होता.

नवऱ्याचा विचार वेगळा. तो टेप काढून खुंटीपासून खुंटीपर्यंत मोजायचा, कोपरा काटकोनात आहे का ते कारखान्यातून आणलेल्या गुण्याने तपासायचा. विकणाऱ्यांना वाटायचं सरकारी माणूस आलाय. ते लगेच सातबारा दाखवायला धावायचे.

आणि मी भाव काढायचे.

पहिल्यांदा आम्ही सावेडीच्याच पुढच्या टोकाला गेलो, कारण माणसाने एकदा तरी वरचं दार वाजवून बघावं. एका निवृत्त गृहस्थांचा प्लॉट होता. ओसरीवर खुर्च्या मांडल्या, सरबत आलं, काचेच्या ग्लासात.

"नोकरी कुठे?" नवऱ्याला विचारलं.

"एमआयडीसीत."

"वा! मूळ गाव?"

"खर्डा."

"वा वा! किल्ला आहे ना तिथे? मी पाहिलाय. आडनाव काय म्हणालात?"

नवरा अजून काहीच म्हणाला नव्हता. आता म्हणाला.

गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. "अरेरे. तुम्हाला सांगायचंच राहिलं बघा. त्याचा कालच इसार झाला."

तो काल गेलेला प्लॉट पुढे कित्येक महिने तिथेच होता, विकणे आहे या पाटीसकट. मी गाडीतून जाताना त्याला हात करायचे. मग असे काल गेलेले प्लॉट खूप भेटले. एका ठिकाणी तर मी आगारातल्या एका पाटलीणबाईंना पुढे पाठवलं, आणि आमच्यासाठी काल गेलेला प्लॉट त्यांच्यासाठी दुपारी परत आला. आम्ही दोघी त्यावर इतक्या हसलो की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण त्यांचं आधी थांबलं. नगरात सगळ्यात मोठा एरिया कुठला म्हणून मला विचारा. सावेडी नाही, केडगाव नाही. कालच-गेला.

मग आम्ही माळावर उतरलो. गुंठ्या-गुंठ्याने शेत विकणारे लोक तिथे होते. ते आडनावाची फार फिकीर करत नव्हते. त्यांना मुलीचं लग्न होतं, बोअर मारायची होती. केडगावच्या बाजूला एक शेतकरी भेटला, पागोटंवाला, हसतमुख. विहीर बांधलेली, पाणी खोल. सासूबाई काठावर गेल्या तसा तो लगबगीने पुढे आला.

"थांबा आजी, मी काढून देतो. धरा हात, ओततो."

बिचाऱ्याने सहज म्हटलं. वयस्कर बाई, काठ निसरडा. पण सासूबाई अशा ताठ झाल्या की मला वाटलं, आता या परत जाणार.

"वतू नका," त्या म्हणाल्या. "दोर माज्या हातात द्या."

"अवो, घसराल."

"घसरले तर माजी मी घसरंन. तुमी दोर द्या."

त्याने आमच्याकडे बघितलं, आम्ही त्याच्याकडे बघितलं. दोर दिला. सासूबाईंनी पाणी शेंदलं, दम लागेपर्यंत, पोहरा स्वतः काठावर घेतला, फतकल मारून बसल्या आणि धोतराचा तुकडा चोळायला लागल्या. शेत विकणारा माणूस, त्याची बायको, दोन शेळ्या आणि आम्ही, सगळे भोवती उभे. फेस आला नाही. कणी धरली.

परतताना त्या म्हणाल्या, "मानूस बरा हुता. पानी वाईट."

नंतर नदीपलीकडे एक जागा बघितली. तिथे पाण्याला फेस असा आला की धोतर दिसेनासं झालं. पण विकणाऱ्याच्या घरच्या बाईने बादली देण्याआधी विचारलं, "तुमी कोन?" सासूबाईंनी साबण खळबळून घेतला आणि पिशवीत टाकला. "पानी चांगलं हाय. मानूस वाईट."

असे आयोगाचे दोन निकष ठरले. साबणाचा आणि दोराचा. दोन्हींत पास होणारी जागा आमच्या ऐपतीत मिळेना. स्वस्त जागेचं एक असतं, तिच्यात काहीतरी नसतंच. रस्ता नसतो, वीज नसते, कागद नसतो, म्हणून तर ती स्वस्त. काय नाहीये ते आधी ओळखायचं, एवढंच घेणाऱ्याच्या हातात असतं. आम्ही रस्त्याला तयार होतो, चिखलाला तयार होतो, विंचवाला तयार होतो. आम्हाला फक्त दोन गोष्टी हव्या होत्या आणि उन्हाळा जवळ येत होता. खर्ड्याहून निरोप आला की पोरगी आता पाटीवर रेघोट्या मारते आणि शाळेत जायचं म्हणते. तिथल्याच, गावातल्या.

आणि मग एजंट आला.

त्याचं वर्णन करायची मला फार हौस आहे, पण आवरतं घेते. पांढरा सफारी, पायात पांढरे बूट, लुनावर बसून यायचा आणि लुना स्टँडला लावताना तिच्यावर असा हात फिरवायचा की जणू घोडा आहे. काखेत निळ्या नकाशाची सुरळी. शहराच्या एका टोकाला, कुठल्या ते सांगत नाही, आज तिथे चांगली वस्ती आहे आणि लोक भांडायला येतील, त्याने लेआउट पाडला होता. सगळीकडे कुसळं, मध्ये चुन्याच्या रेघा.

"ह्या बाजूला गार्डन," तो म्हणाला. गार्डनमध्ये एक गाढव उभं होतं. "हा शॉपिंगचा रिझर्व्ह. आणि इथून, साहेब, चाळीस फुटी रस्ता."

नवऱ्याने टेप काढली. मी भाव काढला. भाव आम्हाला झेपणारा निघाला. मला तिथेच भीती वाटायला हवी होती, पण मी आनंदी स्वभावाची बाई.

त्याने आडनाव विचारलंच नाही. मूळ गाव नाही, पाहुणे नाहीत, काही नाही. सासूबाईंना पहिल्या वाक्यापासून "आई" म्हणाला. लेआउटच्या मधोमध नवा सिमेंटचा हौद होता, काठोकाठ भरलेला. शेजारी एक हातपंप होता, त्याचा दांडा तारेने बांधलेला.

"वायसर गेलाय, उद्या बदलतो," एजंट म्हणाला. "पण हौद आहे ना! घ्या आई, हवं तेवढं घ्या. तुमचंच आहे."

तुमचंच आहे. हे शब्द त्याने कसे म्हटले ते मला अजून ऐकू येतं. सासूबाई हौदाकडे गेल्या. बादली होती, पण बादली घेतली नाही. पदर खोचला आणि उघडा हात कोपरापर्यंत हौदात घातला. सगळ्यांच्या देखत. एजंट होता, त्याचा माणूस होता, पलीकडे एका घराचं बांधकाम चाललं होतं तिथले गवंडी होते. कुणी काही बोललं नाही. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. सासूबाईंनी हात तसाच ठेवला. पाण्यात हलवला. मग बाहेर काढून बघितला, जसा काही तो हात बदलला असेल.

साबण चोळला. फेस आला, पांढराशुभ्र, टिकणारा. त्यांनी त्याच पाण्याने तोंड धुतलं, पेला काढून प्यायल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घ्या ही जागा."

इसारात माझी बोरमाळ गेली. मला तिचं काही वाटलं नाही. आम्ही त्या रात्री भजी केली.

आता पुढचं सांगते, पण त्याआधी एक सांगून टाकते म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायला नको. तो प्लॉट आम्ही सोडला नाही. घर तिथेच झालं, आधी पत्र्याचं, मग स्लॅबचं, आणि मुलगी जूनमध्ये तिथल्याच शाळेत गेली. एजंट पुढे एकदा बाजारात भेटला, तेव्हा मी भर चौकात त्याची अशी पूजा बांधली की फुलवाल्याने हार विकायचे सोडून ऐकलं. तो शांतपणे म्हणाला, "वहिनी, पाइपलाइन येणारच आहे." ती आलीही, आमचे केस पांढरे व्हायला लागल्यावर. तर प्लॉट का सोडला नाही, ते आता ऐका.

मे महिन्यातला रविवार. सासूबाई मुलीला घेऊन उतरल्या, या वेळी तिचे सगळे कपडे घेऊन, पाटीसकट, बाहुलीसकट. थेट स्टँडवरून आम्ही जागेवर गेलो. पोरीला आपलं पाणी दाखवायचं होतं. सासूबाई गाडीत तिला सांगत आल्या होत्या, "तितं हौद हाय. तितं तू हात घाल, पाय घाल, डुंब."

हौद कोरडा होता. तळाला पाला आणि एक वाळलेला सरडा.

हातपंपाचा दांडा अजून तारेने बांधलेलाच. नवऱ्याने तार उलगडली. वायसर वगैरे काही गेला नव्हता, पंप पहिल्या दणक्यात चालला. सासूबाईंनी धोतराचा तुकडा काढला. चोळला. कणी. दुसरं टोक घेतलं, पुन्हा चोळला. कणी. तिसऱ्यांदा नुसत्याच चोळत राहिल्या, साबण झिजेपर्यंत, आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होत्या ते मला ऐकू येत नव्हतं. नवऱ्याने पंप सोडला आणि त्यांचा हात धरला.

"राहू दे आता, आई."

"मीच घ्या म्हनले," त्या म्हणाल्या. "त्यानं इचारलं न्हाई, म्हनून मी बी इचारलं न्हाई. हौदात पानी आलं कुठनं, एवढं इचारायचं तर हुतं. हात घालू दिला त्येनं, आन् मी भुलले."

त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी कधी कुणाला नक्कल करून दाखवलं नाही.

मग पदराने हात पुसले आणि पिशवी उचलली. "संध्याकाळच्या गाडीनं पोरीला न्हेते परत."

"आत्याबाई, शाळा..."

"खर्ड्यात बी शाळा हाय."

मी मुलीकडे बघितलं. ती जागेवर नव्हती.

बांधकाम चाललं होतं ते घर आता पुरं झालं होतं, गिलावा नसलेलं, लाल विटांचं. दारात एक मोठं पत्र्याचं पिंप, त्यावर झाकण, झाकणावर तांब्या. मुलगी त्या पिंपासमोर उभी होती. तहान लागली असणार, उन्हातून आलेली. दोन्ही हात पाठीमागे धरलेले.

आतून एक बाई आली, माझ्याच वयाची, कडेवर मूल. आम्हाला बघून मोठ्याने हसली.

"हौद बघायला आला व्हय? आमी बी असाच बघितला. मी तर त्या पान्याचा चहा करून प्याले. लई ग्वाड! पलीकडच्यांनी तर आंगूळ करून बघितली, पार साबन लावून. गिऱ्हाईक यायचं असलं का मेला आदल्या दिवशी टँकर वततो. टँकरवाला आमच्या सोनईकडचा निघाला, त्यानंच सांगितलं. पन तवर खरेदी झाली हुती."

"मग तुम्ही कसं करता?" मी विचारलं.

"भांडी त्या पंपाच्या पान्यानं. प्यायला टँकर. आठवड्यातनं येतो म्हनतो, कदी येतो, कदी न्हाई. आवो ताई, पोरगी किती वाळलीय! मावशी, त्वांड पार सुकलंय तुमचं. घ्या की, पिंपातलं घ्या. तांब्या तितंच हाय, बुडवा."

तिने आडनाव विचारलं नव्हतं. एजंटनेही विचारलं नव्हतं.

सासूबाई पिंपाजवळ गेल्या. तांब्या हातात घेतला. झाकण बाजूला केलं. पाणी तळाला होतं, तांब्या बुडवायला सगळा हात आत घालावा लागला असता. त्या थांबल्या. मुलगी त्यांच्याकडे बघत होती. नवरा टेपची गुंडाळी करत होता, ती केव्हाच गुंडाळून झाली होती. आयोगाच्या सदस्य-सचिव, ज्यांच्याकडे तोंड होतं, पदराच्या टोकाला गाठी मारत होत्या. सासूबाईंनी पाणी प्यावं असं मला वाटत होतं, गपचूप प्यावं, आणि गाडीची वेळ निघून जावी.

सासूबाईंनी तांब्या परत झाकणावर ठेवला.

"बाई, आदी ऐक," त्या म्हणाल्या, अगदी स्वच्छ आवाजात. "आमी बौद्ध हाय. पानी आमी सोता बुडवून घेतो, वरनं वतलेलं पीत न्हाई. तुला मागनं कळनार, आन् मग तू पिंप पालथं करून घासत बसनार. ते माज्या नातीनं एकदा बघितलंय. त्यापरीस आत्ताच न्हाई म्हन. आमी काय रागावनार न्हाई."

बाईचं हसू गेलं. तिने कडेवरचं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. पिंपाकडे बघितलं, सासूबाईंकडे बघितलं. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला तेव्हा कळलं नाही आणि इतक्या वर्षांच्या शेजारात मी कधी विचारलंही नाही. पण ती लगेच बोलली नाही, हे खरं आहे, आणि तेवढ्या वेळात माझी मुलगी एक पाऊल मागे सरकली, हेही खरं आहे.

मग बाईने लेआउटच्या रस्त्याकडे बघितलं, जिथून टँकर यायचा आणि आलेला नव्हता, आणि तिच्या तोंडून एकदम, त्राग्याने, जवळजवळ ओरडल्यासारखं निघून गेलं:

"आता गं बया! मावशी, हितं प्यायला मिळंना, पिंप घासायला पानी कुठनं आनू?"